‘बोलेल हळूहळू’ म्हणता म्हणता गेलेले अकरा महिने : विकासात मागे असलेल्या लहान मुलांना वेळेवर मिळणारी मदत

वाईकर_आई

नमस्कार. माझा मुलगा आता सव्वापाच वर्षांचा आहे. तो वीस महिन्यांचा असताना त्याच्याबद्दल मला पहिली शंका आली आणि एकतिसाव्या महिन्यात त्याची पहिली थेरपी सुरू झाली. मधल्या अकरा महिन्यांविषयी लिहिण्यासाठी हा धागा काढत आहे, कारण याच टप्प्यावर अडलेले अनेक पालक या समूहात असतील, असे मला वाटते.

वीस महिन्यांचा असताना तो एकही शब्द बोलत नव्हता. ही एकच गोष्ट असती, तर कदाचित मीही निर्धास्त राहिले असते. पण नावाने हाक मारली तर तो वळत नसे आणि कुकरची शिट्टी झाली की मात्र धावत स्वयंपाकघरात येई. पाणी हवे असले की तो माझ्याकडे पाहत नसे. माझे मनगट धरून मला माठापर्यंत ओढत नेई आणि माझा हात एखादी वस्तू ठेवावी तसा माठावर ठेवी. खेळण्यातली गाडी उलटी करून तिचे चाक अर्धा-अर्धा तास फिरवत बसे. सासूबाई म्हणाल्या, ‘याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते.’ ज्या डॉक्टरांकडे आम्ही लस द्यायला जात होतो, त्यांनी सांगितले की मुलगे उशिरा बोलतात, दोन वर्षांनंतर पाहू. दोन वर्षे झाल्यावर अडीच वर्षांनंतर पाहू असे झाले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हे मी मनापासून सांगते. परंतु प्रत्येकाने दिलेला धीर एकत्र केला, तर त्याची बेरीज अकरा महिने भरते.

या सगळ्या काळात आमच्या घरात, लसीकरणाच्या कागदांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, माता-बाल संरक्षण कार्ड होते. बाळाने कोणत्या महिन्यात काय करायला हवे याची चित्रे आणि कशाकडे दुर्लक्ष करू नये याच्या धोक्याच्या सूचना त्या कार्डात छापलेल्या असतात. आम्ही प्रत्येक लशीच्या वेळी ते कार्ड उघडले, लशीच्या पानावर शिक्का घेतला आणि मिटले. तीच पाने आम्ही कधी उलटली नाहीत आणि आम्हाला कोणी उलटून दाखवलीही नाहीत.

शेवटी आम्ही पुण्याला गेलो. आधी कानांची तपासणी झाली आणि ती व्यवस्थित निघाली. मग सविस्तर मूल्यमापन झाले आणि त्याच आठवड्यात काम सुरू झाले. त्या वेळी निदानाचे नाव पक्के झालेले नव्हते. ते पुढे चार महिन्यांनी झाले. थेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी जे सांगितले ते या धाग्यात मला सर्वांत आधी नोंदवायचे आहे. त्या म्हणाल्या, ‘नाव मिळेल तेव्हा मिळेल. तो आज माझ्याकडे बघत नाही, आणि बघायला शिकवण्यासाठी मला नावाची गरज नाही.’

घरी काय करायचे याचे एक उदाहरण देते. मुलाला चुरमुरे फार आवडतात. चुरमुऱ्यांसाठी घट्ट झाकणाचा, आत काय आहे ते दिसेल असा डबा घ्यायचा आणि तो त्याच्या हाती लागेल अशा जागी ठेवायचा. झाकण त्याला उघडत नाही, म्हणून तो डबा घेऊन येतो. अशा वेळी आपण लगेच उघडून द्यायचा नाही आणि ‘बोल, बोल’ असा आग्रहही करायचा नाही. डबा आपल्या चेहऱ्याजवळ धरायचा, मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि त्याने क्षणभर जरी डोळ्यांत पाहिले, तरी ‘उघड’ म्हणून लगेच उघडायचा. मूठभर चुरमुरे द्यायचे, झाकण पुन्हा लावायचे. ते दहा आकडे मोजणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. सतरा दिवस तो फक्त पाहत होता. अठराव्या दिवशी त्याने ‘उघ’ म्हटले.

आज तो तीन-चार शब्दांची वाक्ये बोलतो, बालवाडीत जातो, गर्दीत घाबरतो, आणि पाणी हवे असल्यास ‘आई, पाणी दे’ असे माझ्याकडे पाहून म्हणतो. ते अकरा महिने मिळाले असते तर तो आज नेमका कुठे असता, हे मला सांगता येणार नाही. परंतु ते महिने अगदी मोकळे गेले, एवढे मला नक्की ठाऊक आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे, आणि ज्यांना शंका आहे त्यांनी निःसंकोच विचारावे.

पारिजातक

वाईकर ताई, तुम्ही फार आवश्यक विषय काढलात. मी सोळा वर्षे स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते आहे. त्या अनुभवातून काही गोष्टी जोडते.

बोलण्यास उशीर होत असल्याची शंका आली, की सर्वप्रथम कानांची तपासणी व्हायला हवी, अगदी ‘त्याला नक्की ऐकू येते’ अशी घरच्यांची खात्री असली तरीही. टाळी वाजवल्यावर किंवा मिक्सर सुरू केल्यावर मूल दचकले म्हणजे त्याला ऐकू येते, असा समज आहे. काही मुलांना जाड, मोठे आवाज ऐकू येतात, परंतु ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखे बारीक आवाज पोहोचतच नाहीत. अशा मुलांना बोलणे ऐकू येते, पण ते पुसट, अर्धवट ऐकू येते. कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारी ओएई ही तपासणी काही मिनिटांत होते. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे डोक्याला तारा चिकटवून पाहणारी बेरा तपासणी मूल झोपलेले असताना करतात. जन्मजात श्रवणदोषाच्या बाबतीत जगभर पाळला जाणारा दंडक असा आहे की पहिल्या महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत श्रवणयंत्र व प्रशिक्षण सुरू व्हावे. आपल्याकडे अनेक मुले माझ्याकडे प्रथम येतात ती अडीच-तीन वर्षांची झाल्यावर. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे श्रवण आणि वाचेच्या तपासण्यांची सोय आहे. तसेच केंद्र सरकारने २०२१ च्या जून महिन्यात देशभरात जी १४ सर्वसमावेशक शीघ्र हस्तक्षेप केंद्रे (विकासात अडचण असलेल्या लहान मुलांना लवकर मदत देणारी) सुरू केली, त्यांपैकी एक या संस्थेत आहे.

आता वाट कधी पाहू नये, याबद्दल. वर्षभराचे झालेले बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे बडबडत नसेल, किंवा बोटाने दाखवणे, टाटा करणे, हात वर करून ‘घे’ म्हणणे यांपैकी काहीच करत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल. दोन वर्षांचे होईपर्यंत ‘बाबा आले’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडत नसेल. तर तपासणी करून घ्यावी. आणि कोणत्याही वयात, आधी येत असलेले शब्द, हसणे किंवा खेळणे नाहीसे झाले, तर एक आठवडाही थांबू नये.

बोट दाखवण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पालकांना हा फरक कोणी समजावून सांगत नाही. मूल फडताळातल्या बिस्किटाकडे बोट दाखवते, ते मागण्यासाठी. तेच मूल खिडकीतून दिसणाऱ्या कावळ्याकडे बोट दाखवते आणि मागे वळून आईकडे पाहते, ते ‘तुलाही दिसला का?’ हे विचारण्यासाठी. त्याला कावळा नको असतो, त्याला आईचे लक्ष हवे असते. हे दुसरे बोट दीड वर्षाच्या आसपास दिसत नसेल, तर मी त्या मुलाकडे अधिक बारकाईने पाहते. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी स्वमग्नतेची (ऑटिझमची) जी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची चाळणी वापरतात, तिच्यातही हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारलेले आहेत.

मूल्यमापनाच्या पद्धती पाश्चात्त्य मुलांवर बेतलेल्या असतात, असा आक्षेप काही पालक घेतात. तो काही अंशी रास्त आहे. परंतु आपल्याकडे डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याला भारतीय बाळांवर वर्षानुवर्षे काम करून तयार केलेली ‘डासी’ ही मापनपद्धती आहे. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी तीत हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. आजही अनेक विकास-चिकित्सालयांत तीच वापरतात.

आजोळ

मी या धाग्यावरची बहुधा सर्वांत वयस्क सदस्य असेन. मी आजी आहे, आणि वाईकर ताईंच्या सासूबाईंचे वाक्य मीही माझ्या सुनेला ऐकवले होते.

माझा मुलगा खरोखरच उशिरा बोलला. ती गोष्ट खोटी नव्हती. परंतु नातवाच्या वेळी विकास-चिकित्सालयातील बाईंनी मला समोर बसवून विचारले, ‘आजी, तुमचा मुलगा बोलत नव्हता तेव्हा तो काय काय करत होता?’ मी आठवून सांगू लागले. तो सगळे समजत असे. ‘आजोबांची चप्पल आण’ म्हटले की आणून देई. खोटे खोटे रागावले की हसे. ‘भूर’ला जायचे म्हटले की स्वतःची टोपी घेऊन दारात उभा राही. पाहुणे आले की पडद्यामागे लपून बुवा-कुक करी. मी हे बोलत गेले आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आले, की नातू यांतले काहीच करत नाही. मुलाला फक्त शब्द नव्हते, बाकी सगळे होते. नातवाला शब्दांच्या आधीचेच काही नव्हते. मी दोघांना एकाच तराजूत टाकून सुनेला गप्प केले होते.

तरुण आयांना माझी एक विनंती आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालून उपयोग होत नाही. त्यांना तपासणीच्या वेळी सोबत न्या. आम्हाला डॉक्टरांचे निदान सुनेच्या तोंडून ऐकायला जड जाते, ते आम्ही प्रत्यक्ष पाहिले की पटते. आणि एकदा पटले की दिवसाचे चार-पाच तास मुलासोबत घालवणारे माणूस म्हणून आमच्याइतका उपयोगी हात दुसरा नाही. नातवाला आंघोळ मी घालते. पाणी ओतण्याआधी तांब्या वर धरून मी थांबते, त्याने पाहिले की ‘ओतू?’ म्हणते. थेरपीच्या बाईंनी मला शिकवलेला हा पहिला धडा होता.

शेवंती_२२

हा धागा वाचून धीर करून विचारते. माझी मुलगी ३१ आठवड्यांची असताना जन्मली, वजन १ किलो ४०० ग्रॅम होते आणि ती पाच आठवडे काचेच्या पेटीत होती. आज ती नऊ महिन्यांची आहे. ती अजून बसत नाही. उभी धरली की पाय काठीसारखे ताठ करते आणि एकमेकांवर चढवते. उजव्या हाताची मूठ सहसा मिटलेली असते. घरचे म्हणतात की कमी दिवसांची आहे, उशीर होणारच. मामाने पाय मोकळे व्हावेत म्हणून चाकांचा वॉकर आणला आहे. काय करावे?

लिंबोणी

शेवंती ताई, मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. मुलीला पाहिल्याशिवाय मी निदान करू शकत नाही आणि करणारही नाही, परंतु तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगते.

पहिली गोष्ट वयाची. कमी दिवसांच्या बाळाचा विकास जन्मतारखेपासून मोजत नाहीत, ते ज्या दिवशी जन्मायला हवे होते त्या दिवसापासून मोजतात, आणि साधारण दोन वर्षांपर्यंत असे सुधारित वय धरतात. तुमची मुलगी नऊ आठवडे आधी आली, म्हणजे तिचे सुधारित वय सुमारे सात महिने आहे. जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील निरोगी बाळांचे निरीक्षण करून जे टप्पे २००६ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांनुसार आधाराशिवाय बसण्याचा कालावधी ३.८ ते ९.२ महिने असा पसरलेला आहे. म्हणजे ‘बसत नाही’ एवढ्याच गोष्टीची आज काळजी नसावी. घरच्यांचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे.

दुसरी गोष्ट मात्र वेगळी आहे. पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येणे आणि या वयातही एक मूठ मिटलेली राहणे, यांचे उत्तर ‘कमी दिवसांची आहे’ हे नाही. उशीर आणि वेगळेपण यांत फरक असतो. उशीर म्हणजे तोच रस्ता सावकाश चालणे. स्नायूंचा ताठरपणा, एकाच बाजूचा हात वापरणे, मान सतत मागे टाकणे ही रस्ता वेगळा असल्याची चिन्हे असतात. पूर्वी सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणाऱ्या परिणामाचे, निदान मूल दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत सांगत नसत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानंतर हे चित्र बदलले. बाळाच्या हालचालींचे व मज्जासंस्थेचे पद्धतशीर परीक्षण केले, तर सुधारित वयाच्या सहा महिन्यांच्या आतही निदान किंवा किमान ‘जास्त धोका’ असल्याचे सांगता येते आणि उपचार तेव्हाच सुरू करता येतात. म्हणून या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जन्मानंतर डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी झाली होती का, तेही डिस्चार्ज कार्डावर पाहा. इतक्या कमी वजनाच्या बाळांना या दोन्ही तपासण्या हव्यातच.

तिसरी गोष्ट वॉकरची. तो कृपया वापरू नका. चाकांच्या वॉकरमध्ये बाळ पायाच्या बोटांवर ढकलत पुढे जाते आणि ताठ पायांची तीच सवय पक्की होते. अपघातही इतके होतात, की कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निदान उभे राहता येणारे मूल ढकलत असे. हा वॉकर न बसणाऱ्या मुलालाही उभे टांगतो. त्याऐवजी दिवसातून अनेकदा, पाच-पाच मिनिटे, तिला जागी असताना तुमच्या मांडीवर पालथी घ्या. समोर स्टीलची ताटली उभी ठेवा, त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसेल आणि ती मान उचलेल. मालिश करत असाल तर पाय खेचून सरळ करू नका. हलक्या हाताने, गुडघ्यात दुमडून, दोन्ही पाय पोटाकडे न्या.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळांचा अठरा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला होता. कमी दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीतून घरी पाठवले की काम संपत नाही, हे अशा दीर्घ पाठपुराव्यातूनच आपल्या डॉक्टरांच्या मनावर ठसले. तुमच्या मुलीचा पाठपुरावा तुटला असेल, तर तो आत्ताच पुन्हा जोडा.

पायवाट

मी उत्तर महाराष्ट्रातील एका आदिवासी तालुक्यात आशा गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांच्या कामावर देखरेख करते. वर पुण्या-मुंबईचे उल्लेख आले, म्हणून गावाकडची वाट लिहिते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरहून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, आजार, जीवनसत्त्वे वगैरेंची कमतरता आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील तीस निवडक स्थिती त्यात येतात. या कार्यक्रमाचे पथक गाडीने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. पथकात दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. मुलात काही आढळले, तर ते चिठ्ठी देऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. आपण त्याला डीईआयसी म्हणतो. तेथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सगळे एका छताखाली असावेत अशी योजना आहे, आणि उपचार मोफत असतात. पथक येण्याची वाट पाहावी लागत नाही. पालक स्वतःही केंद्रात जाऊ शकतात. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्याआधीही आशा ताई घरी येत असतात. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, आणि नंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. या पाच भेटींत बाळाच्या विकासाचे टप्पे पाहायचे असतात. आमच्या आशांना मी आता एकच सांगते, की वजनकाटा काढायच्या आधी बाळाशी पाच मिनिटे खेळा, कारण काट्यावर ठेवलेले बाळ रडते आणि रडणाऱ्या बाळात काहीच दिसत नाही.

आता अडचण. आमच्या पाड्यावरून जिल्ह्याच्या गावी एसटीने जाऊन येण्यात पूर्ण दिवस जातो. आईची एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची बुडते, दुसरे मूल शेजारी ठेवावे लागते. थेरपी आठवड्यातून दोनदा लिहून दिली, तर ते कुटुंब तिसऱ्या आठवड्यापासून येत नाही, आणि कागदावर ‘पालकांनी प्रतिसाद दिला नाही’ असे लिहिले जाते. आमच्याकडील केंद्रात वाचातज्ज्ञाचे पद कित्येक महिने रिकामे होते. त्या काळात गेलेल्या मुलांना फक्त पुढची तारीख मिळाली. माझे म्हणणे स्पष्ट आहे. लवकर ओळखण्यावर आपण जेवढी मेहनत घेतो, तेवढी ओळखलेल्या मुलापर्यंत मदत नेण्यावर घेत नाही. आशा ताईने मूल शोधायचे, आईला पटवायचे, आणि पुढे काहीच मिळाले नाही तर त्या आईचा पुढच्या वेळी आमच्यावर विश्वास बसत नाही.

जे चालले ते सांगते. एका थेरपिस्ट बाईंनी महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात बसायला सुरुवात केली. त्या आठ-दहा आयांना एकत्र बसवतात, प्रत्येकीला महिन्याभराचे दोनच व्यायाम किंवा खेळ दाखवतात, आणि त्या आयांकडूनच करवून घेतात. अंगणवाडी सेविका सोबत बसते, ती आठवड्यात एकदा विचारते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीही जाहीर केली आहे, त्यामुळे सेविकेने असे मूल अंगणवाडीत सामावून घेणे हे आता तिच्या कामाचाच भाग आहे. आमच्याकडे एक चार वर्षांचा मुलगा आहे, ज्याला आधार देऊन बसवावे लागते. सेविकेने त्याच्यासाठी कोपऱ्यात दोन भिंतींच्या मध्ये जुन्या गोधडीची गुंडाळी लावून जागा केली. तो आता इतरांसोबत बसून खिचडी खातो.

दूरदेशी

आम्ही न्यू जर्सीत राहतो. पायवाट ताईंनी लिहिलेला ‘मदत मुलापर्यंत नेण्याचा’ मुद्दा वाचून येथील पद्धत लिहावीशी वाटली. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सेवा आली. पालक स्वतः फोन करून मुलाचे नाव देऊ शकतात. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. नाव दिल्यापासून ४५ दिवसांच्या आत मूल्यमापन आणि कुटुंबासोबत बसून योजना ठरवणे बंधनकारक आहे. थेरपिस्ट शक्यतो घरी किंवा पाळणाघरात येतात, कारण मूल जिथे राहते तिथेच शिकावे हे तत्त्व कायद्यातच आहे. सगळे सुरळीत असते असे नाही. आम्हालाही संध्याकाळची वेळ मिळायला बराच काळ थांबावे लागले, आणि तिसऱ्या वाढदिवसाला ही सेवा थांबून मूल शाळेच्या व्यवस्थेकडे जाते, तेव्हा सगळी कागदपत्रे पुन्हा नव्याने करावी लागतात.

परदेशातील मराठी पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आमच्या मुलीला बोलायला उशीर होत होता, तेव्हा ओळखीच्या अनेकांनी सांगितले की घरात मराठी बंद करा, दोन भाषांनी ती गोंधळली आहे. आम्ही ते चार महिने पाळले. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. ती आमच्याकडे होती आणि नातीशी बोलेनाशी झाली. दिवसभर सोबत असणारे माणूसच मुके झाले. नंतर आलेल्या वाचातज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले, की दोन भाषांमुळे विकासातील विलंब होत नाही आणि वाढतही नाही; पालकांनी ज्या भाषेत त्यांना सहज, भरपूर आणि प्रेमाने बोलता येते त्या भाषेतच बोलावे. मुलीचा पहिला स्पष्ट शब्द ‘आजी’ होता.

सह्यपठार

सर्वांचे अनुभव आदराने वाचले, तरी एक वेगळे मत मांडतो. प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढते. आज पालक दर महिन्याला तक्ता घेऊन मुलाला तपासतात आणि धास्तावतात. शिवाय एकदा मुलाच्या नावावर दिव्यांगत्वाचा शिक्का बसला, की शाळा, नातेवाईक, पुढे लग्न, सगळीकडे तो आड येतो. दोन वर्षांच्या मुलाला असे नाव देणे घाईचे नाही का?

वाईकर_आई

सह्यपठार दादा, तुमची भीती मला परकी नाही. माझ्या यजमानांचे शब्द हेच होते. म्हणून तपशिलात उत्तर देते.

प्रत्येक मुलाची गती वेगळी असते, हे खरे आहे, आणि म्हणूनच तक्त्यांमध्ये एक तारीख नसून मोठा कालावधी दिलेला असतो. चालण्याचाच टप्पा घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच पाहणीत निरोगी मुले ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत केव्हाही स्वतंत्र चालू लागलेली दिसली, आणि सुमारे ४ टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. एवढी मोकळीक दिल्यानंतरही जे मूल त्या कालावधीबाहेर राहते, त्याच्यासाठी तपासणी सुचवलेली आहे. तपासणीत काही निघाले नाही, तर एक दिवस गेला. निघाले आणि आपण गेलोच नव्हतो, तर काय जाते ते मी वर लिहिले आहे.

दुसरे, थेरपी आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. थेरपी सुरू करायला प्रमाणपत्र लागत नाही. प्रमाणपत्र हवे की नको, केव्हा घ्यायचे, हे पालकांनी ठरवायचे असते. ते लपवून ठेवण्याचाही त्यांना अधिकार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि स्वमग्नता त्यांत येते. लहान मुलांना सहसा तात्पुरते प्रमाणपत्र मिळते आणि पुढे फेरतपासणी होते, म्हणजे दोन वर्षांच्या मुलावर कोणी कायमचा शिक्का मारत नाही. आम्ही प्रमाणपत्र घेतले ते ‘निरामय’ विम्यासाठी. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या या योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आणि रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. महिन्याला आठ-दहा हजार थेरपीवर घालवणाऱ्या घराला हा आधार लहान नाही.

आणि एकटेपणाबद्दल. २०१८ मध्ये भारतातील पाच ठिकाणी, त्यांत उत्तर गोवाही होते, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. दृष्टी, श्रवण, वाचा, फिट्स, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता असे सगळे धरून साधारण आठांत एका मुलाला मज्जासंस्थेच्या विकासाशी संबंधित काही ना काही अडचण असल्याचे तिच्यात आढळले. आपल्या वाड्यात, सोसायटीत, शाळेत ही मुले आहेत. आपण त्यांना ‘हट्टी’, ‘मंद’, ‘एककल्ली’ अशी नावे आधीच दिलेली आहेत. नाव तर पडलेलेच असते. डॉक्टरांनी दिलेल्या नावासोबत निदान उपचार तरी येतो.

पारिजातक

वाईकर ताईंशी पूर्ण सहमत. खर्चाचा विषय निघालाच आहे, तर एक कळकळीची सूचना. ‘सहा महिन्यांत मूल बरे’ अशी हमी देणाऱ्यांपासून दूर राहा. स्वमग्नतेसाठी स्टेम सेल (मूळ पेशी) उपचारांची जाहिरात करणाऱ्यांकडे लाखो रुपये भरून, शेत विकून आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच हा उपचार स्वमग्नतेसाठी शिफारसयोग्य नाही असे सांगितले आहे. त्या पैशांत दोन-तीन वर्षांची चांगली थेरपी होते.

मोबाईलविषयीही अनेक जण खासगीत विचारतात. मोबाईलमुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे आईने स्वतःला दोष देऊ नये. परंतु भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितल्याप्रमाणे दोन वर्षांखालील मुलांना, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडल्यास, पडदा दाखवू नये. कारण साधे आहे. पडदा मुलासाठी थांबत नाही. चिऊ-काऊचा घास भरवणारी आजी मूल तोंड उघडेपर्यंत थांबते, त्याच्याकडे पाहते, त्याने केलेला आवाज परत करते. विकासात मागे असलेल्या मुलाला या देवाणघेवाणीच्या जास्त फेऱ्या हव्या असतात, आणि मोबाईल समोर ठेवून जेवणारे मूल दिवसातल्या नेमक्या त्याच फेऱ्या गमावते.

शेवंती_२२

सर्वांचे मनापासून आभार. लिंबोणी ताईंचा प्रतिसाद मी यजमानांना आणि मामाला वाचून दाखवला. वॉकर खोक्यात परत गेला आहे. डिस्चार्ज कार्ड शोधले. डोळ्यांची तपासणी झाल्याची नोंद आहे, कानांची मात्र दिसली नाही. बालरोगतज्ज्ञांनी जिल्हा रुग्णालयातील केंद्राची चिठ्ठी दिली असून मंगळवारी सकाळी दहाला बोलावले आहे. त्याच दिवशी बेरा तपासणीही करणार आहेत. सोबत काय काय न्यावे?

वाईकर_आई

शेवंती ताई, ऐकून फार बरे वाटले. डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, आधीचे सगळे अहवाल आणि त्यांची एकेक झेरॉक्स न्या. अनोळखी जागेत मुले घाबरून काहीच करत नाहीत, म्हणून उद्यापासूनच घरी मोबाईलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवा: एक पाठीवर पडून खेळतानाचा, एक उभी धरल्यावर पाय ताठ होतात त्याचा, एक खेळणे कोणत्या हाताने धरते त्याचा. विचारायचे प्रश्न कागदावर लिहा आणि तो कागद यजमानांच्या खिशात द्या, कारण बाळ रडायला लागले की आपल्याला एकही प्रश्न आठवत नाही. निघण्यापूर्वी ‘घरी रोज कोणत्या दोन गोष्टी करायच्या, त्या करून दाखवा’ असे सांगा आणि त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः एकदा करून पाहा.

बेरा झोपेत करतात, त्यामुळे मंगळवारी तिला पहाटे लवकर उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका. आम्ही पहिल्या वेळी ही चूक केली होती, मुलगा एसटीत गाढ झोपला आणि रुग्णालयात टक्क जागा राहिला, त्यामुळे पुन्हा एक फेरी पडली. तपासणीच्या आधी पोटभर दूध पाजा, डोक्याला त्या दिवशी तेल लावू नका कारण तारा चिकटत नाहीत, आणि तिचे रोजचे पांघरूण आठवणीने सोबत घ्या.